बाळ कुठं?

हसू नका, परीक्षा माझीच होती. निजामाच्या राज्यातली गोष्ट. दोन वर्षांचा झालो तरी मी बोलत नव्हतो, म्हणून आईनं खटकचिंचोळीच्या म्हाताऱ्या सुईणीला बोलावलं. लेकराला किती कळतंय, ते ती बोट दाखवायला लावून बघायची.

"आई कुठं?" मी आईकडं बोट केलं.

"दिवा कुठं?" तोबी दाखवला.

"आन् बाळ कुठं?"

इथं लेकरं आपल्याच छातीवर हात ठेवतात. मी उठून परसात गेलो आन् सीताफळाखालची माती दाखवली.

जन्मताच गेलेला माझा जुळा भाऊ सुईणीनंच तिथं पुरला होता. तिच्याबिगर ते फक्त आईला ठाऊक.

"ह्याला समदं कळायलंय, पोरी," सुईण म्हणाली आन् पाणी न पिताच उठली. मरेपर्यंत आमच्या गल्लीत आली न्हाई.