आतून कडी

आई : मैत्री, बाथरूमचं दार उघडत नाहीये.

मैत्री : कडी लावलीये.

आई : आतून?

मैत्री : बाहेरून लावायला मी बाहेर असायला हवं ना.

आई : चेष्टा पुरे. काढ आधी.

मैत्री : काल डॉक्टर काय म्हणाले? तूच विचारलंस.

आई : म्हणाले, ऑपरेशनला वर्ष झालं, एकही फीट नाही, आता कडी लावली तरी चालेल. चालेल म्हणाले. लावाच, असं नाही म्हणाले.

मैत्री : वकील व्हायला हवं होतंस.

आई : गोळ्या घेतल्यास?

मैत्री : घेतल्या. त्या चालूच राहणार आहेत, माहितीये मला.

आई : मग निदान गात तरी राहा.

मैत्री : आठवीपासून गातेय! गाणं थांबलं की तू आत. अख्ख्या क्वार्टर्सना वाटतं, मला गाण्याची हौस आहे.

आई : एकदा थांबलं होतं. गरम पाण्याचा नळ चालू, आणि तू खाली. पाठ अजून...

मैत्री : पाठ माझीच आहे, आई.

आई : तीन-तीन औषधं बदलून झाली, तरी फीट यायचीच.

मैत्री : म्हणून तर डोकं उघडू दिलं. फीट जिथून उठते तेवढाच तुकडा काढला. आणि तू सही करताना किती रडलीस!

आई : मेंदूला हात लावणार म्हटल्यावर हसायचं? वाटलं, उद्या मला ओळखते की नाही.

मैत्री : शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाले मी?

आई : 'आई, काय अवतार केलायस!' नर्ससमोर. विहारात पेढे वाटले मी त्यावर.

मैत्री : मग आज मला गप्प राहून अंघोळ करू दे. एकदाच.

आई : बरं. राहा गप्प.

(फक्त पाण्याचा आवाज.)

आई : मैत्री? ...मैत्री! ए बाई!

मैत्री : तोंडाला साबण आहे गं! दाराला कान लावलायस ना?

आई : कान नाही. कपाळ टेकलंय.

मैत्री : आई, जा ना जरा.

आई : कुठे जाऊ? या वेळेला मी इथेच असते.

मैत्री : शेजारच्या चंपाताई कधीच्या चहाला बोलावतायत.

आई : तुझे बाबा ड्यूटीवर. घरात तू एकटी...

मैत्री : हो. एकटी.

आई : ...साडी बदलून जाऊ का?

मैत्री : ती निळी नेस.

आई : सावकाश होऊ दे तुझं. मला यायला वेळ लागेल.