हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे

दवाखान्यात नंबर लावून मुलगी परतली, तर बाबा शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पांत रंगले होते. ती मागेच थांबली.

“माझा खांदा दुखतो म्हणून पोरीनं गाडीचं हँडल बदललं. उंच बसवलं, वाकायला नको.”

“स्वतः?”

“स्वतः! वायरीसुद्धा नव्यानं फिरवल्या. चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय मी. म्हटलं, चूक काढतोच. इंजिन चालू ठेवून हँडल पार डावीकडे वळवलं, पार उजवीकडे वळवलं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली असती, तर इंजिनचा आवाज चढला असता.”

“चढला?”

“छे! जराही नाही.”

“मग पाठ थोपटली असेल!”

“तोंडावर कौतुक? डोक्यावर बसेल! नुसतं म्हटलं, चालेल.”

“बाबा, नंबर आला.”

“हीच का ती?”

“हीच!” म्हणत बाबांनी दुखरा हात खांद्याच्याही वर नेला आणि तिच्याकडे बोट दाखवलं.