सुमनची टेकडी

माझं कुणी कधी खरं मानलंच नाही, बायांनो. राजस्थानच्या वाळवंटात माझ्या बहिणीच्या नावाची टेकडी आहे म्हटलं, की सगळे हसायचे. सुमन रांगायच्या वयात गेली. तिचा एक फोटोसुद्धा नाही.

आमचे अण्णा तेव्हा नकाशा काढणाऱ्या साहेबांबरोबर मोजणीचा दांडा धरायचे. साहेबांनी विचारलं, "या टेकडीला काय म्हणतात?" सांगायला आसपास गावच नव्हतं. अण्णा म्हणाले, "सुमन." साहेबांनी लिहून टाकलं. त्याच टेकडीवरचा हिरवा दगड अण्णांनी उचलून दाखवला, तर साहेबांनी पाठ थोपटली. ही बढाई आम्ही जन्मभर ऐकली.

परवा जावईबापूंनी तो जुना नकाशा शोधून काढला. "आई, खरंच आहे की हो!"

"आता पटलं? मग आजची टेकडी दाखवा."

त्यांनी आकाशातून काढलेला फोटो लावला. आम्ही राहतो ते अख्खं तोआ पायोह उपनगर मावेल एवढा खड्डा होता.

नात तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, नो हिल लाह."

"कुणी खणली?" मी ओरडले.

जावईबापूंनी हळूच नकाशावरच्या खुणेवर बोट ठेवलं. "इथं तांबं आहे, हे तेव्हाच नोंदवलंय. हिरवा दगड म्हणजे तांबंच ना, आई. त्यावरूनच खाण काढली असणार."

मग शिव्या कुणाला घालू? खाणवाल्यांना? साहेबाला? आईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. आज अण्णांचं नाव मी काढते. दत्तू.