चिंचेने पुसलेलं नाव

तुम्ही कधी चिंचेने कुणाचं नाव पुसलंय? मी पुसलंय.

खंडेनवमीला परदेशातल्या हॉर्नबी उपनगरात, आमच्या घरी मी सुऱ्या, नट आवळायचे पाने, स्क्रूड्रायव्हर पूजेला मांडत होते. शेजारचे म्हातारे ग्रॅहम त्यांच्या पणजोबांची बोल्टवाली रायफल घेऊन आले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, दक्षिण आफ्रिकेच्या लढाईत वापरलेली. दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयाला द्यायची होती.

"जाण्याआधी हिलाही तुझं हळदकुंकू लाव," म्हणाले. गोळी सुटू नये म्हणून बोल्ट काढून स्वतःच्या खिशात ठेवला आणि चहाला बसले.

दस्त्यावरची पितळी चकती पार काळवंडली होती. पूजेत काळं पितळ कसं ठेवायचं? मी चिंच-मीठ लावून काथ्याने खसाखसा घासली. अगदी सोन्यासारखी झाली!

"ग्रॅहम, बघा तरी!"

त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"इथे पणजोबांनी खिळ्याने अगदी हलकं नाव ओरखडलं होतं," ते हळूच म्हणाले. "ती त्यांची होती, याचा तेवढाच पुरावा होता."

"अहो, मला दिसलंच नाही हो..."

"स्वीट ॲज," म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'काही हरकत नाही'. पण चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयाने रायफल घेतली आणि तिच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'सैनिकाचं नाव माहीत नाही.'