स्थळाची जमीन

नाय नाय, नारळ पिशवीतच राहू दे, गंगारामभाऊ — तुमची मुलगी, तुमचं स्थळ, जमीन तुम्हीच बघा. मी येणार नाय. काय म्हणता? पोराच्या शेतात काय उगवतंय ते आत्मारामानं बघितल्याशिवाय तुमच्या गावात सोयरीक होत नाय? होत नव्हती हो, एके काळी! मुलीचा बाप मला संगती न्यायचा, पोराकडची माणसं पोह्यांच्या तयारीत, नि मी मागल्या दारानं बांधावर. भात काय, शेण ओतलं की एखादं वर्ष कुठंही हसतं — तण खोटं बोलत नाय. लव्हाळा माजला की समजायचं, पाणी साचतं. तेरडाच तेरडा असला की वीतभर माती नि खाली कातळ. टाकळा कमरेएवढा वाढलेला दिसला — द्या मुलगी डोळे मिटून! असं सांगायचो मी. मी, हां! बसा, उन्हाचे कुठं जाता. पण आग्रह नको.

मालन आठवते ना तुम्हाला? माझ्या भावाची. भाऊ-वहिनी दोघं गेली, आठ वर्षांची असल्यापासून माझ्याच घरात. बांधाबांधानं माझ्या मागून फिरायची — काका हे काय, काका ते काय — माझ्याइतकंच तण कळायचं पोरीला. ब्याऐंशी साली पूर्णगडाकडचं स्थळ आलं. खाडीला लागून खाजणातलं शेत, पोरगा नाकासमोर चालणारा. गेलो बघायला. तर बांध असा बेणून काढलेला, की गवताची काडी नाय! पाहुणे यायच्या आधी बांध कोण बेणतं हो? मला तिथंच कळायला हवं होतं... कळलंच होतं. पिण्याच्या पाण्याच्या बावीच्या कडेला, दगडाच्या फटीत एक कोंब राहून गेला होता. माचोळ. जाडसर पानांची, लाल देठाची — खारं पाणी आत शिरल्याशिवाय ती येत नाय. पान तोडलं, चावलं. नुसतं मीठ! नि तसंच खारट तोंड घेऊन पडवीत आलो आणि म्हणालो, जमीन गोड आहे, बोलणी करा.

का म्हणजे? लोकांना सांगतो मी, की चुकलो — वय झालं, नजर गेली. चुकलो नव्हतो. आधीची सात स्थळं मीच मोडली होती, तण बघून. पोरीला सव्विसावं लागलं, बायको रोज ताट आपटायची — आणि मलाही, आता लपवून काय करू, मलाही ती नकोशी झाली होती. झालं. बोलून गेलो.

दिवाळीला माहेरी आली. माझ्यासाठी भाजी आणलेलीन, केळीच्या पानात बांधून. म्हणाली, काका, आमच्याकडे माचोळ पुष्कळ, भाजीत मीठ घालावं लागत नाय. नि मग हळूच विचारलंन — तुम्हाला दिसली नव्हती का हो? मी म्हणालो, नव्हती. हसली. पुन्हा कधी विचारलंन नाय.

वैशाखात त्यांची बाव मचूळ झाली, पाणी तोंडात धरवेना. मग डोंगरातनं आणायचं — दोनशे पायऱ्यांची पाखाडी, डोक्यावर हंडा, काखेत कळशी, नि आठवा महिना. पाखाडीवरच पडली. ती गेली, पोटातलंही गेलं. मी पोचलो तेव्हा सगळं शेत माचोळीनं लाल झालेलं, या बांधापासून त्या बांधापर्यंत, आता बेणतंय कोण! आणि तिचा सासरा — माझे पाय धरून रडायला लागला हो. म्हणे, आत्मारामभाऊ, आम्ही तुम्हाला फसवलं, तण उपटून ठेवलं होतं. त्याला वाटत होतं, त्यानं मला फसवलं! नि मी... मी त्याला पाया पडू दिलं. वर पाठीवर हात ठेवून म्हणालो, असू दे, माफ केलं.

असं काय बघताय? तुमच्या मुलीला तण ओळखता येतं का हो? नाय ना? बरं आहे. — उठा आता. जा म्हणतो ना, गंगारामभाऊ!