लख्ख वाटी

अरे, भांडं घासण्यानंही संसार मोडता मोडता राह्यते, मी पाह्यलं ना! शेजारचे रफिकभाऊ गडचिरोलीले गेले, तं लव्हबर्डची जोडी आमच्याकडं सोडली. म्हणे, "वाट्या रोज घासजो, नाई तं पाखरं बिमार पडतात." मी दाण्याची स्टीलची वाटी राखेनं घासली, पार तोंड दिसेपर्यंत. मंग काय! नर वाटीतल्या आपल्याच तोंडाशी गुलुगुलु बोलून राह्यला, अन् मादीले जवळ येऊ देईना. ती सकाळपासून उपाशी.

बायकोनं वाटी उचलली, दिवाळीची पणती धुऊन त्यात दाणे टाकले. मादी लगेच खायले लागली.

बायको म्हणे, "नरजात! चकचकीत दिसलं का घरची दिसत नाई."

मी बाजूला ठेवलेल्या त्याच वाटीत पाहून भांग पाडून राह्यलो होतो; हातातला कंगवा गपचूप खिशात टाकला.