फूल लोड होत नाही

...आणि वर मलाच विचारतात, कशाला सांभाळलंय हे धूड! अहो, धूड काय धूड? कॉम्प्युटर आहे तो! कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार, जोडायचा घरच्या टीव्हीला, आणि प्रोग्राम ठेवायचे कशावर, तर गाण्याच्या कॅसेटवर! टेपरेकॉर्डर लावायचा आणि हात जोडून पडद्याकडे बघत बसायचं... लोड झालं तर झालं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून! आमची ही स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, चाललं का हो ते?" मी म्हणायचो, "उद्या चालेल!"

आता तुम्ही म्हणाल, चालायचं होतं तरी काय? तर फूल! हसू नका. हिच्या वाढदिवसासाठी मी प्रोग्राम लिहिला होता, आधी देठ, मग एकेक पाकळी, आणि खाली हिचं नाव. मी एकट्यानेच चालवून पाहिला, टेपवर उतरवला, मशीन बंद केलं. कागदावर लिहून ठेवायचा? छे, टेप आहे ना! आणि वाढदिवसाला सगळे खुर्च्या मांडून बसले, तर पडदा काय म्हणाला? एरर! पुन्हा लावली, एरर! ही म्हणाली, "राहू द्या हो, लोकांना भूक लागलीय." मी म्हटलं, "उद्या चालेल!"

मग हिचा भाऊ, म्हणजे आमचे मेहुणे, पुढे सरसावले. "दाजी, मेमरी कमी पडतेय! मी डबल करून देतो." घेऊन गेले, घेऊन आले, दोन वेळा जेवून गेले. एरर! त्यानंतर नोकरी, लेकीची शाळा, यातच ते मशीन माळ्यावर गेलं. पण ही विसरली नाही हो. अधूनमधून चिडवायची, "काय, आमचं फूल कधी उमलणार?" माझं उत्तर ठरलेलं...

गेल्या वर्षी ही गेली.

तुम्हाला सांगतो, घरात आता "चाललं का" म्हणून विचारणारं कोणी नाही, आणि मला मेल्याला आता ते चालवायचंय! लेक म्हणते, "बाबा, फोनवर असली हजार फुलं मिळतात." मिळतात गं. पण त्यातलं एक तरी तुझ्या आईचं आहे का?

तर अशी जुनी मशिनं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात आणि तेही तसेच वागतात. "पेशंट शेवटचा कधी बोलला होता?" झाकण उघडलं, भिंग लावलं, आणि एकदम "अरेरे!" "ही चिप बघा, चिपच्या डोक्यावर चिप! ही कंपनीची नव्हे, मागाहून कुणीतरी चढवलीय. कुणाचं हे अपग्रेड?" म्हटलं, मेहुण्याचं. "तरीच! हिचा एक पाय हवेत आहे, वायर कुठेच जोडलेली नाही. मेमरी तुमची कणभरही वाढली नव्हती!" मी तिथूनच मेहुण्यांना फोन लावला, तर म्हणतात, "दाजी, तेव्हा जोडली होती हो, उन्हाळ्याने निघाली असेल!"

डॉक्टरांनी वायर जोडली आणि अहो, पडद्यावर मेमरी खरोखर डबल! मी टेप लावली... एरर. टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, त्याचा स्क्रू पिळला, केबल बदलली. एरर, एरर, एरर! डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "उद्या चालेल." मला तर रडूच आलं.

शेवटी त्यांनी केबलच उपटली. "नुसती टेप ऐकू या. प्रोग्राम असेल तर कर्कश किंचाळेल." लावली. किंचाळी नाही... खुर्ची करकरली. कुठेतरी भांडं पडलं. आणि मग अगदी हळू, "अहो, काय करताय?" ती! आमची ही! त्यावर माझाच आवाज, तरणाबांड, "उद्या दाखवतो." "उद्या म्हणजे उद्या हं?" "शूऽऽ! बोलू नकोस, सेव्ह होतंय!" आणि मग तिचं ते तोंडावर पदर धरून हसणं...

डॉक्टर म्हणाले, "टेपरेकॉर्डरला वायरसाठी दोन भोकं असतात, शेजारी शेजारी, एक आवाज आत घ्यायचं, एक बाहेर सोडायचं. तुम्ही वायर नेमकी दुसऱ्यात खुपसलीत. मग त्याने कॉम्प्युटरचं सोडून स्वतःच्या माइकने खोलीतलंच घेतलं." म्हणजे बघा, फूल त्यात कधी नव्हतंच! मशीन बिचारं इतकी वर्षं खरं बोलत होतं! डॉक्टर पुढे म्हणतात, "फूल पुन्हा लिहा, याच टेपवर नीट उतरवून देतो." याच टेपवर? मी टेप छातीशी धरून जिना उतरलो तो थेट घरी!

आता मशीन ठणठणीत आहे, फूलही लिहीन सावकाश. पण रोज संध्याकाळी आधी टेप लावतो. ती विचारते, "उद्या म्हणजे उद्या हं?" इतकं सांगायचं असतं हो तिला, इतकं साचलंय... मी तोंड उघडतो, आणि टेपमधला तो गाढव माझ्यावरच खेकसतो, "शूऽऽ! बोलू नकोस, सेव्ह होतंय!"

मग काय, बसतो गप्प.